विमानाचा एक तास

दौंड जंक्शनात बत्तीस वर्षं रुळांवर राबलेला रखमाजी गँगमन हा आमच्याकडचा घड्याळापेक्षा खरा माणूस. लांबून शिट्टी आली की गाडी कुठली, किती मिनिटं उशिरा, हे तो न बघता सांगायचा. त्याचं गणित एकदाच चुकलं. ते सांगतो.

शहात्तर सालच्या वैशाखात त्याची बायको विठाबाई पहाटे गेली. एकुलता एक लेक पोपट सिकंदराबादला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. साडेपाचला रखमाजीनं स्टेशनातल्या फोनवरून त्याला कळवलं.

पोपट म्हणाला, "आबा, साडेसहाची गाडी हाय. सांजच्याला साडेसहाला दौंडात उतरतो."

रखमाजीनं बोटं मोजली. दिवस मावळायच्या आत माती व्हायला हवी. मावळतीला उरणार अर्धा तास. गाडी जरा लेट झाली की संपलं. हैदराबादहून पुण्याला जाणारं विमान मात्र रोज दुपारी दोनला दौंडावरून जायचं. पाचशे किलोमीटर, एक तास.

"गाडी सोड," तो म्हणाला. "इमानानं ये. सव्वादोनला पुणं, तिथनं लगेच पॅसेंजर. चारला घरी. आईचं तोंड दिसंल."

दोनला विमान आलं. अंगणातली माणसं वर बघू लागली. रखमाजी उठून उभा राहिला. लाल झेंडी दाखवून त्यानं धडधडत्या मेल जागेवर थांबवल्या होत्या. आता नुसता कपाळावर हात धरून बघत राहिला. एक पांढरा ठिपका, पोटात पोपटाला घेऊन, त्याच्या मेलेल्या आईवरून पुण्याकडं निघून गेला.

"आलाच," रखमाजी म्हणाला.

चारची पॅसेंजर आली. पोपट नव्हता. पाच वाजले. विठाबाईचा भाऊ सर्जेराव केंदूरहून आलेला. तो तोंड फिरवून म्हणाला, "दाजी, तुमचं इमान कुठल्या सिग्नलाला थांबलंय? कवापर्यंत उन्हात ठेवायची माझ्या भनीला?"

"पुण्याला गाडी बदलायला येळ लागला आसंल."

"इमानतळ आन् स्टेशन काय एकाच फलाटाला हाय व्हय?"

रखमाजीनं तसंच धरलं होतं. जंक्शनातला माणूस तो. एका फलाटावर उतरायचं, दुसऱ्यावर चढायचं, एवढाच प्रवास त्यानं उभ्या जन्मात बघितलेला. विमानाला उतरायला गावाबाहेरचं माळरान लागतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

साडेपाचला तिरडी उचलली. भीमेच्या काठी लेकाच्या जागी बापानं मडकं खांद्यावर घेतलं, बापानंच अग्नी दिला. जाळ वर चढला आणि स्टेशनाकडून शिट्टी आली. कुठली गाडी, ते आज सगळ्यांनाच कळलं होतं.

दिवेलागणीला पोपट ट्रकातून उतरून नदीकडं पळत आला. चितेपाशी पोचला आणि गुडघ्यांवर बसला. म्हणाला, "इमान येळेवर हुतं, आबा. एक तास पाच मिनटं. पर तिथनं स्टेशन गाठंस्तवर पॅसेंजर निघून गेली."

"व्हय."

"आन् आपली सकाळची गाडी? ती कवा आली?"

रखमाजीला वाटलं, लेट होती म्हणावं. जिभेवर आलंही होतं. पण गाडीची वेळ खोटी सांगणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

"साडेसहाला," तो म्हणाला. "बरोबर साडेसहाला."