छपरावरची अँटेना आणि शेडमधली तार

दोन वर्षांपूर्वी नवरा इथल्या फायर ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक झाला आणि घरात पेजर नावाची सवत आली. कुठे वणवा पेटून पेजर वाजला की हा भरल्या ताटावरून उठणार. कुणी बाहेर पडलं की ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणायची आमच्याकडे पद्धत. पण डोंगरापलीकडच्या रानात मोबाइलला रेंजच नाही. “मी मागेच असतो गं, टँकरवर. पाणी भरायचं, बास,” असं तो म्हणायचा. तरी तो दारात दिसेपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

म्हणून मी स्कॅनर घेतला. ब्रिगेडचं वायरलेसवरचं बोलणं त्यावर ऐकू येतं, असं कळलं होतं. आम्हाला मात्र नुसती खरखर ऐकू यायची, कारण घर दरीत आणि वर पत्र्याचं छप्पर. शहरात, क्लेटनला भाड्याने राहायचो तेव्हा मीच त्या सपाट जागेला नावं ठेवायचे. घ्या आता डोंगर. छपरावर अँटेना बसवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी टेलिकॉममधली. मोबाइलचे टॉवर कुठे उभारायचे, हेच ठरवून पोट भरते. तेव्हा कुणाचा सल्ला घ्यायचा प्रश्नच नव्हता. तीन आठवडे कॅटलॉग चाळून मी त्यातली सगळ्यात लांब, सगळ्यात दूरचं ऐकणारी अँटेना मागवली. साडेपाच मीटरचा पांढरा दांडा. नवऱ्याने शिडी धरली आणि मी वर चढून तो पक्का केला.

शेजारचे म्हातारे कुंपणापलीकडून बघत होते. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. “टू बिग, मेट,” ते म्हणाले आणि आमच्या घरावरच्या कड्याकडे बोट दाखवलं. ब्रिगेडचं सगळं बोलणं त्या कड्यावरच्या टॉवरमधून येतं. तुझा टॉवर लांब नाही, डोक्यावर आहे, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः बनवलेली एक अँटेना आणून दिली. एक हातभर उभी तार आणि खाली झुकलेल्या चार. मी गोड हसून ती घेतली आणि शेडमध्ये लॉनमोवरच्या मागे टाकली. मला शिकवायला निघालेत, असं मनात म्हटलंच.

माझ्या दांड्याला समुद्रावरच्या बोटींची बडबड लख्ख ऐकू यायची. मी खूश. कड्यावरच्या टॉवरचा आवाज तुटायचा, पण त्याचं खापर मी कधी केबलवर, कधी ती कुरतडणाऱ्या काकाकुवांवर फोडत राहिले. चूक माझी असेल, हे मनाला शिवलंसुद्धा नाही.

मग जानेवारीतला, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातला, तो दिवस उजाडला. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, अंगण तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. अकराला पेजर वाजला. “येतो,” म्हणून हा गेला. एकच्या सुमाराला कड्यामागून तपकिरी धूर वर आला. मी स्कॅनरला चिकटून बसले. बोटीवर कुणाला किती मासे मिळाले ते स्वच्छ ऐकू येत होतं. ब्रिगेडचं मात्र दोन शब्द आणि खरखर. त्या खरखरीत मला त्याचा आवाज आला. “...ट्रॅक...” रानातला कच्चा रस्ता, एवढंच कळलं, आणि पुढे काही नाही.

मी आवाजाचं बटण पुन्हा पुन्हा फिरवलं. आणि त्या क्षणी डोक्यात प्रकाश पडला. ऑफिसात नव्या मुलांना मीच शिकवते की पोळी जितकी लाटाल तितकी ती पसरते आणि पातळ होते. जास्त ताकदीच्या अँटेनाचंही तसंच. ती लांब पसरते, पण डोक्यावरचं तिला ऐकू येत नाही. स्वतःच्या घरी मात्र मी कॅटलॉगमधला ताकदीचा आकडा बघून भुलले होते. इतका राग आला स्वतःचा, की शेडकडे पळताना मी रडत होते.

ती तार कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लटकवली, केबल जोडली. आवाज शेजारी उभं राहून बोलावं तसा आला.

“ट्रॅक इज कट. फायर बोथ साइड्स. फोर ऑन बोर्ड.”

तोच होता. आगीने त्या चौघांचा परतीचा रस्ता तोडला होता. टँकरवर नव्हता, मागे नव्हता. सगळ्यात पुढच्या ट्रकमध्ये होता. दोन वर्षं तो माझ्याशी खोटं बोलत आला होता, आणि ते मला आत्ता कळत होतं. मग आवाज बंद. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उन्हात उभी राहिले. अकरा मिनिटं. तेवढ्या वेळात मी त्याला शिव्या घातल्या, देवाला नवस बोलले, पुन्हा शिव्या घातल्या.

“वुई आर थ्रू. ऑल फोर ओके.”

संध्याकाळी उजेड असतानाच तो आला, काळा पडलेला, एक भुवई जळालेली. “दमलो गं. दिवसभर पाणी भरत होतो,” तो म्हणाला. मी त्याचं मनगट धरून त्याला मागच्या अंगणात नेलं. दोरीवरची तार आणि खाली ठेवलेला स्कॅनर त्याने बघितला.

“कधीपासून ऐकत होतीस?”

“रस्ता बंद झाला तेव्हापासून.”

तो पायरीवर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ सुटेना. मी खाली बसून ती सोडवली.

“तू घाबरली असतीस,” तो म्हणाला.

“घाबरलेच.”

बूट बाजूला ठेवून तो म्हणाला, “काढून टाक ती तार. नको ऐकत जाऊस.”

“काढणार नाही,” मी म्हणाले. “तो दांडा उतरवून छपरावर हीच बसवणार आहे. आणि शिडी तूच धरायचीस.”