क्रेनवरून दिसणारं घर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या कुणालाही नाही. आणि मी काही गप्प बसणारी नव्हे — माझं काही वाचलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. वडील संघटनेचं काम करायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. ‘धिक्कार’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचला. हे कौतुकाने सांगतेय का? असेलही. दोष माझा किती आणि त्या शब्दांचा किती, हे मला अजून — नाही, असं नको. शब्दांवर ढकलायला नको.

समीक्षाबद्दल सांगते.

नऊ वर्षांची होती. तिच्या बाबांची, हरेशदादांची, होडी आमच्याच खाडीत. पलीकडे कंपनीची जेट्टी आली, गाळ उपसायला लागले आणि आमच्या होड्यांना बाहेर पडायची वाट अवघड झाली. त्याविरुद्ध आमची संघटना उभी होती. पत्रकं मी लिहायचे, हरेशदादा होडीवाल्यांना गोळा करायचे. त्यातच समीक्षाला रक्ताचा कॅन्सर निघाला.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले. आजारी मुलांची एखादी इच्छा पुरवणारी एक संस्था होती, तिथली एक बाई मुंबईहून आली. चांगली होती. ओटीवर बसली, बाहेर बोंबील सुकत होते तरी नाकाला रुमाल लावला नाही — मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. तिला मराठी जेमतेम, समीक्षाची कोळी बोली तर मुळीच कळत नव्हती. त्यात मास्कमधून येणारा बारीक आवाज. म्हणून मी मध्ये बसले. हरेशदादा समुद्रावर होते, समीक्षाची आई, आमच्या वहिनी, आत चहा करत होत्या.

“मना त्या करेनवर जायाचा हाय,” समीक्षा म्हणाली. “त्या निल्या. वरशी आमचा घर दिसल. ना बाबाची होरी कवरी लांब जाते, ती पन दिसल.”

कंपनीची क्रेन.

तिला काय ठाऊक त्या क्रेनमागचं भांडण? खिडकीतून रोज दिसणारी सगळ्यात उंच वस्तू, एवढंच. पण मला — मला क्रेन दिसलीच नाही. फोटो दिसला. कंपनीचं पिवळं हेल्मेट घातलेली आमची आजारी पोर, शेजारी हसणारा साहेब, खाली एखादी गोड ओळ. जेट्टीवरची जनसुनावणी तोंडावर होती. त्या एका फोटोने आमची सगळी पत्रकं पुसली असती. चुकीचं होतं का असं वाटणं? काढलाच असता त्यांनी फोटो, मला आजही खात्री आहे. मग?

“क्या बोली?” बाईंनी विचारलं.

“बड़ी बोट में बैठके गेटवे देखना है,” मी म्हटलं.

इतकं सोपं असतं ते. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

समीक्षाला हिंदी बोलता यायचं नाही, पण कळायचं सगळं. कार्टून हिंदीतच बघायची. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिचा हात दाबला. बाई गेल्यावर तिने विचारलं, “करेनचा काय झाला, ताई?” आणि मी — दुसरं खोटं बोलायला वेळच लागत नाही — म्हटलं, मी आधीच विचारलं होतं गं, कंपनीवाले नाही म्हणाले.

“बरा,” ती म्हणाली. माझ्याशी पुन्हा त्यावर बोलली नाही; बाबांशी बोलली असणार.

तिला मांडव्याहून गेटवेला नेलं. बोटीवर फुगे होते, केक होता. फोटोत ती हसतेय — हे मी स्वतःला किती वेळा सांगितलंय! उतरल्या उतरल्या तिला उलटी झाली, काही न बघताच परत आणावं लागलं. येताना वहिनींच्या मांडीवर झोपली. झोपली होती, की डोळे मिटून पडली होती? माहीत नाही.

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

लांबलेली सुनावणी दसऱ्यानंतर झाली. हरेशदादा उठले. त्यांनी खाडी, गाळ, जाळी, यातलं काहीच काढलं नाही. “माजी पोर मरताना तुमचे करेनवर जायाला मांगत व्हती. तवरा पन तुमी न्हाय बोल्लाव.” कंपनीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. गावाला वाटलं, लाजेने. त्यांना कसं आठवणार? कंपनीला कोणी विचारलंच नव्हतं.

पहिली टाळी माझी होती. पुढच्या पत्रकाचा मथळाही मी त्याच वाक्यावरून केला. माझा सगळ्यात गाजलेला मथळा.

आमची भूमिका बरोबर होती. आजही आहे. मग मी कशात अडकलेय? बरोबर लढ्यात एक खोटं मिसळलं तर लढ्याचं काय होतं? आणि मी लढ्याचाच विचार करतेय, पोरीचा नाही — हेही आत्ता लिहिताना दिसतंय.

यंदा कंपनीने होडीवाल्यांना भरपाई देऊ केली. आम्ही सांगितलं, घेऊ नका. बहुतेकांनी घेतली. हरेशदादांनी घेतली नाही. त्यांचं इंजिन बंद पडलंय, दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जातात. वहिनींनी मला निरोप धाडला, तू तरी समजव. मी गेले. ते फाटलेलं जाळं विणत बसले होते.

“त्या पैशाला हात लावनार न्हाय, बाय,” ते म्हणाले. “माजे पोरीला न्हाय बोल्ले ते.” मग मान वर न करता, “तू इचारलास तवा न्हाय कोन बोल्ला? साहेबाचा नाव काय त्या?”

मी म्हटलं, आठवत नाही.

“जाऊ दे. तू इचारलास तरी.” आणि त्यांनी वहिनींना हाक मारून माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.

मी तो प्यायले.