थंड हातांची नर्स

माझ्या नणदेच्या मुलीएवढे थंड हात साऱ्या वाशीम जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचे नसतील, आणि असले तरी त्या माणसानं ते कुणाला लावून पाहिले नसतील. वैशाखात मानोऱ्यातली कुत्री नालीतून उठत नाहीत, तेव्हाही या पोरीचे हात नुकतेच माठातून काढल्यासारखे. तिचे आईबाप धनजला शेती करतात. नर्सिंग शिकायला ती आमच्याकडे राहिली. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया डोकं दुखतं म्हणून दुपारच्या आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या आणि ही एकेकीच्या कपाळावर हात ठेवत फिरायची. तिचे मामा, म्हणजे माझे मालक, म्हणायचे की गल्लीत एक कूलर खपेना, आता दुकानदार आपल्या दारावर मोर्चा आणते. हिवाळ्यात मात्र त्याच बाया तिला दुरूनच हात जोडायच्या. सकाळी तिला स्वतःचा चहाचा कप पुरत नसे. तो निवला की ती माझा ओढून घ्यायची आणि दोन्ही हातांत धरून बसायची. मामा विचारत, "चाय पिऊन राह्यली का शेकून राह्यली?" मी तीन वर्षं थंड चहा प्यायले.

शेजारच्या खालाची शेळी गाभण होती. पोट चाचपून पिल्लू कोणीकडे आहे ते ओळखायचं, हे हिला कॉलेजात नुकतंच शिकवलेलं. सरावासाठी तिनं शेळीच्या पोटाला हात लावला. पौषाचा महिना होता. शेळीनं दावं तोडलं ते थेट बसस्टँडवर सापडली, आणि पुढं कितीतरी दिवस आमचं दार आलं की ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं जायची. खाला रागावली नाही. तिनं पोरीचे हात आपल्या हातात घेतले, चटकन सोडले आणि म्हणाली, "बेटी, हे हात हायेत का बरफाची लादी? बाईले लावशील तं काय होईन तिचं?"

ते तिच्या मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या एप्रनच्या खिशात खोकल्याच्या औषधाची रिकामी काचेची बाटली आली, तिच्यात सोसवेल एवढं गरम पाणी. कॉलेजच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत कुणा बाईजवळ गेली की आधी ती बाटली दोन्ही तळव्यांत घोळवत उभी राहायची. नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून तोपर्यंत बोलायची. नाव काय, गाव कोणतं, घरी मोठं लेकरू कोणाजवळ ठेवलं, निघताना चूल विझवली का. हात गरम होईस्तोवर बाईचं माहेर, सासर, म्हैस, सगळं हिला ठाऊक झालेलं असे. तिच्या मॅडमनं शेवटच्या वर्षी शेरा लिहिला की काम चांगलं आहे, पण वेळ फार घेते.

पास झाल्यावर तिच्यापुढं तीन जागा होत्या आणि तिन्हीकडं सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तिन्ही ठिकाणी जाऊन तिनं पहिलं काय पाहिलं असेल, तर पाणी कुठं गरम करतात ते. शहरातल्या खाजगी दवाखान्यात गिझर होता, पण खोलीत एसी, आणि बहुतेक बायांचं ऑपरेशनच व्हायचं. तिच्या वडिलांना तीच जागा पसंत होती. दूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दिवसाला इतकी बाळंतपणं की वर्षभरात पोरगी पक्की होईल, असं तिच्या मॅडमचं मत. तिथल्या मोठ्या सिस्टरनं हिची बाटली पाहिली आणि शांतपणे सांगितलं, "बाई, इथं एक हात गरम होईस्तोवर दोन लेकरं बाहेर येतात." तिसरी जागा मानोऱ्यापासून आत, बंजारा तांड्यांच्या मधल्या आरोग्य केंद्राची. तिथं एक टेबल, एक शेगडी, आणि बाळंतपणं फार थोडी. बाया येतच नाहीत, आल्या तर अगदी शेवटी. कितीदा लेकरू जीपमध्येच झालेलं असतं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी तूरडाळ निवडत बसलो होतो. तिसऱ्या जागेला ती नाहीच म्हणणार होती. "मामी, त्या बाया अडाणी हायेत व," ती म्हणाली. "कळा दाबून घरी बसतात. मी तिथं रिकामी बसून काय करू?"

मी कुणाशी वाद घालत नाही. पण त्या दिवशी सुपातून हात काढला आणि तिला सांगितलं, जे मी तिच्या मामांनाही सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या वेळेस टेबलावर निजवलं होतं, तोंड भिंतीकडे. मागून कुणीतरी आलं आणि एकही शब्द न बोलता पोटावर थंडगार हात ठेवला. मी अंग चोरलं, तर मांडीवर चापट बसली. नाव कुणी विचारलं नाही. मुलगा सुखरूप झाला, म्हणून ती गोष्ट बोलण्यासारखी राहिली नाही. दुसऱ्या वेळेस पहाटे कळा सुरू झाल्या. मी भाकरी केल्या, धुणं धुतलं, संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. नेलं तेव्हा उशीर झाला होता. मुलगी होती, रडली नाही. घरचे म्हणाले, सून लाजरी आहे, कळा लागल्याचं तिला समजलंच नसेल. मीही तसंच राहू दिलं.

तिनं डाळीत बोटं फिरवणं थांबवलं होतं. "मामी, तुले खरंच समजलं नव्हतं?"

"समजलं होतं. पाहाटेच समजलं होतं."

"मंग काहून नाही गेली?"

"तो हात पुन्हा लागन म्हणून."

ती आपले हात काखेत धरून बराच वेळ बसली, मग उठून तिनं माझ्यासाठी चहा केला आणि मला तो गरम असतानाच पिऊ दिला.

सोमवारी तिनं आरोग्य केंद्राला हो कळवलं. तिचे वडील धनजहून आले, एवढं शिकून तांड्यात जाते म्हणून दारातच उभे राहून बोलले. तिनं एवढंच सांगितलं, "बाबा, तिथं हात गरम कराले टाइम भेटते." त्यांना ते समजलं नाही. मला समजलं. ती निघाली त्या दिवशी मी पेटीच्या तळचं एक टोपडं काढलं, लाल खणाचं, कधी कुणाच्या डोक्याला न लागलेलं, आणि बाटली फुटू नये म्हणून दिलं. ती ते उलटसुलट करून पाहत राहिली. मग तिनं बाटलीला टोपडं घातलं, मानेशी बंद बांधले आणि खिशात ठेवलं.

मध्ये एका रविवारी आली होती. सांगत होती की आता थोड्या बाया दिवस भरायच्या आधीही चक्कर मारून जातात. एक तर कळा धड सुरूही नसताना सकाळीच चालत आली. ही तिला घरी जा म्हणू लागली, तर ती म्हणाली, "बसू दे न वं. तू तुही बाटली गरम कर." बाटलीचं टोपडं पाहून सगळ्या हसतात, हे कोणाचं लेकरू म्हणून विचारतात.

"मंग तू काय सांगतं?" मी विचारलं.

"मी सांगतो, माह्या मामीची लेक हाये."

ती गेल्यापासून माझा कप कुणी ओढत नाही. सकाळी मी तो दोन्ही हातांत धरून ओसरीवर बसते, तिच्यासारखीच. प्यायचं लक्षात येतं तोवर चहा निवलेला असतो.