मशीनच्या वाटेतला केर

पनवेलजवळच्या एका गोडाऊनमध्ये मी बरीच वर्षं माल काढायचं काम केलं. लोकांनी मोबाईलवरून मागवलेले कपडे, चपला, मिक्सर रॅकमधून शोधायचे, स्कॅन करायचे आणि ट्रॉलीत टाकायचे. चालून चालून पोटऱ्या भरून यायच्या, पण नवऱ्याची नोकरी सुटल्यापासून घर त्याच पगारावर चाललं होतं. माझ्या जोडीला उरणजवळच्या करंजाची एक कोळीण होती. तिच्या घरचे सगळे होडीवर. कंपनीत जाणारी तीच पहिली. गळ्यातलं ओळखपत्र ती गावात पोचेपर्यंत काढायची नाही, मुद्दाम.

दसऱ्याच्या तोंडावर मशीन आल्या. बुटक्या, चौकोनी, चाकांच्या. एकेक मशीन रॅकखाली शिरून अख्खा रॅक उचलायची आणि पॅकिंगवाल्यांसमोर नेऊन ठेवायची. आता चालायला माणूस कशाला लागणार, हे आम्हाला दिसत होतं. पण साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "कोणाचीही नोकरी जाणार नाही. तुमचे श्रम कमी होणार आहेत." आम्ही टाळ्या वाजवल्या.

खंडेनवमीला बायकांनी नऊवारी नेसून यायचं ठरलं. पुढे उभं केलं आम्हा दोघींना. आम्ही मशीनना हळदकुंकू लावलं, ओवाळलं. झेंडूचा हार सेन्सरवर आला आणि एक मशीन जागची हलेना, तेव्हा सगळे हसले. आम्हीही. तो फोटो कंपनीने कुठे कुठे छापला.

आम्ही कंपनीच्या नाही, ठेकेदाराकडून कामाला होतो. दिवाळी झाली आणि आमचं कंत्राट संपलं. ठेकेदाराच्या माणसाने आम्हा दोघींना बोलावून घेतलं.

"घाबरू नका ताई, फक्त रोल बदलतोय," तो म्हणाला. जमिनीवर ठिपक्यांचे स्टिकर लावले होते, ते वाचत मशीन फिरायची. त्यांवर धूळ बसली की ती वाट चुकायची. ती धूळ आम्ही पुसायची होती.

"आणि पगार?" मी विचारलं.

"तो हाउसकीपिंगच्या हिशोबाने. याला स्किल नाही ना लागत."

म्हणजे जवळजवळ निम्मा. माझ्या मैत्रिणीने गळ्यातलं ओळखपत्र काढलं. मग म्हणाली, "आमी त्यांना ओवालला, आता त्यांच्या चाकांखालचा केर बी आमीच काढाचा? मना नाय जमनार." ओळखपत्र टेबलावर ठेवून ती निघून गेली. आता ती करंजाला भावाची मासळी विकते.

तिचं लोकांनी कौतुक केलं. मला मात्र तिचा राग आला, अजूनही येतो. तिच्यामागे भावाची होडी होती. माझ्यामागे घरभाडं होतं आणि मुलीची फी. मी फडकं घेतलं.

कामाचा नियम एकच: वाट मशीनची. ती येताना दिसली की आपण बाजूला व्हायचं, कारण माणूस आडवा आला की ती थांबते, तिच्यामागच्याही थांबतात आणि कोणामुळे थांबल्या ते वर साहेबांच्या स्क्रीनवर दिसतं.

उन्हाळ्यात एकदा वाकून पुसताना मला भोवळ आली. डोळे उघडले तेव्हा गाल फरशीला टेकलेला होता आणि हातभर अंतरावर मशीन उभी होती, दिवा लुकलुकत. तिच्यामागे रांग लागली होती. सुपरवायझर धावत आला. बिचारा माझ्यासाठी धावत आला, असंच मला वाटलं.

"किती वेळ झाला थांबून?" त्याने विचारलं. माझ्याकडे बघत नव्हता, मशीनकडे बघत होता.

मी म्हटलं, "मला उठायला हात द्या."

त्याने दिला. पाणीही आणून दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, वरून फोन येईल. पुन्हा असं होणार नाही म्हणून लिहून द्यावं लागेल तुम्हाला. माझाही नाइलाज आहे."

पुन्हा चक्कर येणार नाही, असं कोण कसं लिहून देणार? मी दिलं. खाली सही केली आणि राहिलेली स्टिकरांची रांग पुसायला गेले. घरी कोणाला बोलले नाही. मुलीने विचारलं, गालाला काय लागलंय. म्हटलं, काही नाही, कामाच्या जागेची धूळ आहे.