टू ऑट

जळगाव जामोदच्या एका लहान दवाखान्यात मी परिचारिका होते. नेहमीचे सर्जन बाहेरगावी गेले की सोनाळ्याहून एक वयस्क डॉक्टर यायचे. बरीच वर्षं अमेरिकेत काढून ते गावी परतले होते. त्यांच्यासोबत ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायचा माझा तो पहिलाच दिवस.

दुपारी एका बाईला आणलं. कडबा कापायच्या मशीननं मनगटाच्या वर हात चिरला होता. बांधलेला टॉवेल रक्तानं जड झालेला. जखमेभोवतीचा भाग बधिर केला. डॉक्टरांनी तुटलेली रक्तवाहिनी चिमट्यात पकडली आणि मान वर न करता म्हणाले, "टू ऑट."

मला ऐकू आलं, "टू, आऊट." म्हणजे दोन नंबरचा धागा काढा. पाकीट उचललं खरं, पण हा तर जाड धागा. एवढ्याशा नसेला?

"सिस्टर, टू ऑट!"

"सर, दोन नंबर?"

"टू ऑट म्हणतोय ना!"

चिमट्याच्या कडेनं रक्त पाझरायला लागलं. टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काऊन थांबल्या वो बाई? माहा हात जाऊन राह्यला का?"

मी दोन्ही पाकिटं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर धरली. एकावर नुसता दोन, दुसऱ्यावर दोन, रेघ आणि शून्य; तो धागा बारीक. "सर, यातलं कोणतं?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "शून्याचं."

बारीक धाग्याची गाठ बसली, रक्त थांबलं. "बोटं हलवा," डॉक्टर म्हणाले. अंगठा हलला, मग बाकीची. करंगळी काही केल्या हलेना. शेवटी ती जराशी वाकली.

"हालली नं?" बाईनं विचारलं.

"हाव, हालली," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

हात धुताना डॉक्टर आपणहून बोलले. "ऑट म्हणजे शून्य. जुना शब्द आहे. मूळचा नॉट, म्हणजे काहीच नाही. 'अ नॉट' असं भरभर म्हणता म्हणता लोकांना 'ॲन ऑट' ऐकू यायला लागलं. सुरुवातीचा न गळला. गंमत म्हणजे ऑट असा वेगळा शब्द आधीच होता. त्याचा अर्थ काहीतरी, काहीही."

"म्हणजे काहीतरीही तेच, आणि काहीच नाहीही तेच?"

"हो."

"सर, मग इथं झीरोच म्हणत जा."

ते हसले नाहीत. "म्हणेन," म्हणाले, आणि बाईच्या नवऱ्याला भेटायला बाहेर गेले.