डीम्ड मंजूर

आमचे बाबा अंबरनाथच्या फॅक्टरीत हेडक्लार्क होते, आणि घरी आल्यावरही ते हेडक्लार्कच असत. सहलीला जायचं असो की मैत्रिणीकडे राहायला, आम्ही मुलांनी इंग्रजीत लेखी अर्ज करायचा, असा घरचा रिवाज. बाबा लाल पेन्सिलीने त्यावर शेरा मारत, तोही त्याच संध्याकाळी. टेबलावर कागद पडून राहिला तर त्यांना जेवण जात नसे.

‘डीम’ हे त्यांचं लाडकं क्रियापद. ‘नॉट डीम्ड फिट’ हा शेरा मला तोंडपाठ होता. एकदा मी म्हटलं, “म्हणजे ‘थिंक’च ना?” बाबा दुखावलेच.

“थिंक काय, कोणीही करतं. डीम करायला अधिकार लागतो. रजेच्या अर्जाला मुदतीत उत्तर आलं नाही, तर रजा डीम्ड टु बी ग्रँटेड. दिली कोणी? कोणीच नाही. पण दिली असंच धरायचं. मग साहेबालाही तोंड उघडता येत नाही.”

आई आतून म्हणाली, “मग आमटीत मीठ आहे असं डीम करा आणि जेवायला या.”

बी.कॉम. झाल्यावर मला उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात कटिंग शिकायचं होतं. कापड दिसलं की माझे हात शिवशिवायचे. बाबांनी मात्र बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आणून ठेवलेले. “क्वार्टर्समध्ये लोकांना काय सांगू? मुलगी पँटी कापते?” बँकेच्या नुसत्या विचाराने मला रडू यायचं.

शेवटी रीतसर अर्ज केला. खाली एक ओळ घातली: सात दिवसांत शेरा न आल्यास अर्ज डीम्ड टु बी ग्रँटेड. बाबांनी तो वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि पेपरवेटखाली ठेवून दिला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच! आईला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. मी येता-जाता टेबलाकडे बघायची. सातव्या संध्याकाळी बाबांनी लाल पेन्सिलीला छान टोक केलं, आणि पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसले.

आठव्या दिवशी मी शेअर रिक्षात बसून कॅम्प तीन गाठलं.

चार महिन्यांनी मी पहिली पँट कापली ती बाबांसाठी, निळ्या जीन्सच्या कापडाची. शिवून झाल्यावर कळलं, डावा पाय बोटभर आखूड झालाय. मी ती लपवून ठेवली होती. बाबांनी शोधून काढली आणि सरळ फॅक्टरीत घालून गेले.

संध्याकाळी आईला हसू आवरेना. “अहो, ऑफिसात कोणी काही बोललं नाही?”

“दोन्ही पाय सारखे आहेत, असं मी डीम केलंय,” बाबा म्हणाले. “आणि सगळ्यांना सांगितलंय, पँट माझ्या मुलीने कापलीय.”