साडूंची सांडशी

माणसाकडे बघताना त्याची फक्त हाडं बघणारा दुसरा माणूस अख्ख्या पेनसिल्व्हेनियात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला आमच्या साडूंनीच शिकवलेलं असेल. चेहरा, कपडे, गाव, पगार यांवरून आपल्याकडे माणसाची पारख होते. साडूंना त्यातल्या कशाशीच कर्तव्य नव्हतं. ते माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. हाडांचे सर्जन. मी स्टेट कॉलेज नावाच्या गावी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करत होतो आणि ते तिथून दोन तासांवरच्या एका गावात राहत होते, जिथले पोलादाचे कारखाने एकेक करून बंद पडत चालले होते. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्यांनी दारातच माझा हात हातात घेतला आणि सोडेचनात. मला वाटलं, प्रेम. मग लक्षात आलं की त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर दाबून दाबून काहीतरी शोधतोय. शेवटी समाधान झाल्यासारखे ते माझ्या बायकोकडे वळले आणि म्हणाले, "मनगट चांगलं आहे गं यांचं. माणूस कसा आहे ते तू बघ."

मी हादरलो. हादरणं हा त्या घरी जाण्याचा एक भागच असतो, हे मला अजून कळायचं होतं.

त्या काळी आमच्या भागातल्या मराठी डॉक्टरांचा एक मेळा वरचेवर जमे. त्यात आधी सगळ्यांच्या पदव्या जमत आणि मागून माणसं येत. कोणी नव्या घराचे फोटो दाखवी, कोणी त्या घरामागच्या पोहण्याच्या तलावाचे. साडू गाडीच्या डिकीतून एक्सरे काढून आणत, यजमानांच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटला लावत आणि जेवायला थांबलेल्या मंडळींना एखादं मोडलेलं खुब्याचं हाड दाखवत. "बघा, कसं सुंदर बसलंय," असं ते म्हणत तेव्हा त्यांच्या आवाजात तलाववाल्यांपेक्षा जास्त मालकी असे. पुऱ्या गार होत. त्यांना पुन्हा बोलावायचं नाही असं दर वेळी ठरे आणि दर वेळी पुन्हा बोलावलं जाई, कारण त्या तलाववाल्यांपैकी प्रत्येकाची आई, सासू किंवा स्वतःचा गुडघा कधी ना कधी साडूंच्या हाताखालून गेलेला होता.

पण खरा धक्का गणपतीत बसला. ताईंच्या घरी दीड दिवसाचा गणपती असे आणि आजूबाजूच्या गावांतली मराठी माणसं आरतीला येत. त्या वर्षी उकडीचे मोदक आधी करून गोठवून ठेवले होते. एक काकू ते काढायला म्हणून बेसमेंटमधल्या फ्रीझरकडे गेल्या आणि वर आल्या त्या नुसत्याच येऊन पाटावर बसल्या. ताईंनी पाणी दिलं. मग काकू म्हणाल्या, "ताई, तुमच्या मोदकांखाली कोणाचीतरी मांडी आहे."

साडू आरतीचं तबक हातात घेऊन उभे होते. खोटं बोलायची केवढी चांगली संधी होती. पण शास्त्रीय माणूस. "कोणाची नाही हो काकू, डुकराची आहे," ते म्हणाले. "माणसाच्या हाडाला सगळ्यात जवळचं तेच. प्रॅक्टिसला लागतं. दोन पिशव्यांत पॅक केलंय, मोदकांना काही होत नाही." त्या दिवशी प्रसादाला सर्वांनी फक्त केळी खाल्ली. ताईंनी फ्रीझर तीनदा धुतला आणि नवऱ्याशी आठवडाभर फक्त मुलीमार्फत बोलल्या. मुलगी दहा वर्षांची होती आणि निरोप इंग्रजीत पोचवत असल्यामुळे त्यातला राग बराचसा वाटेतच गळून जाई.

ही प्रॅक्टिस कशाची, हे मला त्याच रात्री जेवताना कळलं. साडूंचं म्हणणं असं होतं की हाडाच्या ऑपरेशनमध्ये हाडापेक्षा हत्यारंच जास्त असतात. एक हाड धरायला, एक तोडायला, एक खरवडायला, एक ठोकायला. त्या प्रत्येकाचे पुन्हा लहानमोठे भाऊबंद. हे घे, ते ठेव, पुन्हा ते दे, आणि पेशंट बिचारा टेबलावर बेशुद्ध. "आणि आपल्या स्वयंपाकघरात?" त्यांनी मला विचारलं. "अहो ग्रंथपाल, तुमच्या सासूबाई एका सांडशीनं काय काय करतात? पातेलं उतरवतात, पापड भाजतात, गूळ फोडतात. घट्ट झाकण उघडतात."

"मला धाक दाखवतात," मी म्हटलं.

"तेही." त्यांनी ते गंभीरपणे मान्य केलं.

तर साडू एक असं हत्यार तयार करत होते की ज्याचे जबडे सांडशीसारखे हाड धरतील, सांध्यामागे अडकित्त्यासारखी धार असेल, एका दांड्याचं टोक नारळाच्या खोवणीसारखं खरवडेल आणि दुसऱ्याचं चपटं असेल, ठोकायला. पहिले नमुने खऱ्या सांडशांपासूनच ते बेसमेंटमध्ये घासून घासून बनवत. त्यामुळे ताईंच्या घरात सांडशी टिकत नसे. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाला लोणचं नको, सांडशी आणा, असा निरोप जाई. खुद्द सासूबाई आल्या तेव्हा विमानतळावर कस्टमवाल्यानं त्यांची बॅग उघडून सांडशांचा तो जुडगा वर धरला आणि बराच वेळ म्हाताऱ्या बाईकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. ऑपरेशन करतानाही साडूंच्या तोंडून हाड धरायच्या चिमट्याला "सांडशी"च निघे. त्यांची नर्स उंच, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई होती. तिनं सुरुवातीला "काय?" असं विचारून पाहिलं, मग तो शब्द निमूटपणे शिकून घेतला.

हे सगळं मी विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळा झालो होतो. मग एका रविवारी ताई आणि आमची ही खरेदीला गेलेल्या असताना साडूंनी मला वरणभात वाढला आणि लोणच्याची बरणी उघडायला घेतली. झाकण हलेना. ते हलेना म्हणजे त्यांचा अंगठा त्याला धरेना. त्यांनी शांतपणे सांडशी घेतली, मूठ आवळली, झाकण फिरवलं आणि फोड माझ्या पानात वाढली. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिलो.

"अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय," ते म्हणाले, जणू शेजारच्या कोणाबद्दल. "दर वेळी नवीन इन्स्ट्रुमेंट धरलं की कळ येते. सांडशीला अंगठा लागत नाही, मुठीत धरता येते. एकदा धरली की सोडायची नाही. हे जमलं तर माझी अजून काही वर्षं निघतील. नाही जमलं तर थांबायला पाहिजे. लोकांची हाडं आहेत." मग फोडीकडे बोट दाखवून म्हणाले, "खा. तुमच्या ताईंना माहिती आहे. हॉस्पिटलला नाही." ज्या माणसानं अंगठ्यानं माझी पारख केली होती त्याचा अंगठाच निकामी होतोय, हे ऐकून मला इतका धक्का बसला की मी ते लोणचं वरणाशिवायच खाल्लं.

वर्षभरात नमुना तयार झाला. गावातल्या एका कारखान्यातून चांगल्या पोलादात करून घेतलेला, चकचकीत. हत्यारं बनवणाऱ्या एका कंपनीची दोन माणसं तो बघायला येणार असं ठरलं. साडूंचे विभागप्रमुखही असणार होते. कंपनीनं हो म्हटलं की ते हत्यार वापरायची परवानगी द्यायला प्रमुख तयार होते. मला काम होतं नाव शोधायचं. ग्रंथालयातल्या ग्रीक आणि लॅटिन कोशांची धूळ झटकून मी एक भारदस्त नाव काढलं, 'ऑस्टिओपॉलिटेन'. त्याचा अर्थ मला तेव्हाही नीट सांगता आला नसता. पण कोटटाय घातलेल्या माणसांना अर्थापेक्षा लांबी लागते. साडूंनी ते गाडीत घोकलं, न्हाणीघरात घोकलं, आणि त्या दिवशी मलाही सोबत नेलं. "नाव विसरलो तर तुम्ही खोका," ते म्हणाले.

सभागृहात आधी विभागप्रमुख बोलले. स्वतःबद्दल, मग स्वतःच्या विभागाबद्दल, मग पुन्हा स्वतःबद्दल. साडू टेबलापाशी उभे होते आणि टेबलावर ती प्रसिद्ध मांडी. शेजारी नर्स. मग साडूंनी हाड धरलं, धारेनं कोपरा तोडला, दांडा फिरवून खरवडलं, आणि हे सगळं एका हातात, इतक्या सहज की मी नाव आठवायचं विसरलो. ठोकायची वेळ आली तेव्हा अंगठा दगा देऊन गेला. हत्यार हातातून निसटून ट्रेमध्ये पडलं. साडू हाडावरची नजर न काढता म्हणाले, "सांडशी." आणि नर्सनं ती उचलून दांडा बरोबर त्यांच्या मुठीत बसेल अशी ठेवली. त्यांनी ठोकलं. काम पुरं केलं.

"काय नाव म्हणालात?" कंपनीचा एक माणूस म्हणाला.

मी खोकलो. पुन्हा खोकलो. साडूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सांडशी," ते म्हणाले.

मग विभागप्रमुखांनी विचारलं की या सांध्याच्या खाचेत रक्त अडकेल, ते साफ कसं होणार. प्रश्न बरोबर होता. साडू त्यावर महिनेच्या महिने विचार करत होते आणि उत्तरही त्यांच्याकडे होतं, सांधा सुटा होण्याचं. पण हातातली कळ अजून गेली नव्हती, आणि तोंडातून निघालं ते वेगळंच. "माझी बायको चिंचेनं घासते," त्यांनी इंग्रजीत सांगितलं. मी डोळे मिटले. नंतर सुट्या सांध्याचं त्यांनी व्यवस्थित समजावलं, पण प्रमुखांच्या चेहऱ्यावर चिंच होती ती गेली नाही. कंपनीची माणसं मात्र सभ्य होती. त्यांतला मोठा निघताना साडूंना म्हणाला, "डॉक्टर, हे फारच उपयोगी आहे. अडचण तीच आहे. हे एक घेतल्यावर आमची बाकीची कोण घेणार?"

इतकं खरं कोणी तोंडावर बोलेल अशी माझी कल्पना नव्हती. परतताना गाडी मी चालवली. साडू म्हणाले, "ट्रे न वाजवता उचलून दिली तिनं, बघितलंत?" त्या महिन्याअखेर त्यांनी विभागप्रमुखांना अंगठ्याबद्दल स्वतःहून सांगितलं आणि ऑपरेशनं बंद केली. ते पेशंट तपासायचे, तरुण डॉक्टरांना शिकवायचे. ताईंच्या स्वयंपाकघरात आता सांडशी जागच्या जागी असायची. ताई म्हणाल्या, "हरवत नाही हो आता. बघवत नाही तिच्याकडे."

त्यानंतर एका संक्रांतीला आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या अंगणातल्या बर्फावर मी तिळगुळाच्या डब्यासकट सपाट झालो. साडू घरातून धावत आले, माझ्याशेजारी बर्फात गुडघे टेकून बसले, माझा हात अलगद उचलला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेलं तेज आलं. "वा," ते म्हणाले. "दोन्ही हाडं. काय सरळ मोडलीत." ताई वरून ओरडल्या, "अहो, त्यांना आधी आत घ्या." मला स्टेट कॉलेजला नेण्याची गोष्टसुद्धा त्यांनी काढू दिली नाही.

साडूंच्याच हॉस्पिटलात हात तेवढा बधिर केला होता, मी जागा होतो. मधे हिरवा पडदा. कापणारा डॉक्टर तरुण होता, साडूंच्या हाताखाली शिकलेला. साडू मास्क लावून माझ्या डोक्याशी स्टुलावर बसले होते, काम नसलेले हात मांडीवर ठेवून. बराच वेळ नुसता धातूचा आवाज येत होता. मग पडद्याआडून तो तरुण म्हणाला, "सँडशी, प्लीज."

मला वाटलं, औषध डोक्यात गेलं. पण नर्सचा आवाज आला, तोच कमी बोलणारा. "बिग सँडशी ऑर स्मॉल?"

मी मान वळवून साडूंकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. "आपली नाही ती," ते हळूच म्हणाले. "कंपनीचाच चिमटा आहे. नाव तेवढं राहिलं. आता सगळेच म्हणतात, नवीन पोरं पण. त्यांना वाटतं, जर्मन शब्द आहे." मग म्हणाले, "उच्चार काही जमत नाही लेकांना. सँडविच मागितल्यासारखं मागतात."

मग त्यांनी माझा दुसरा, धड असलेला हात हातात घेतला, सवयीनं मनगटापाशी. त्यांचा अंगठा तिथे टेकला होता. दाबत नव्हता. आता त्याला दाबता येत नव्हतं.

"हे चांगलं आहे," ते म्हणाले.